दिवाळीनंतरची भरती

माझी नोकरी गेली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. सातारा रस्त्यावर कामथडीच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथं मी एकोणीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं क्वालिटी विभागाचा मॅनेजर होतो. मालकांनी कारखाना दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं आणि एका शनिवारी आम्हा मॅनेजरांना एकेक करून आत बोलावून पत्रं दिली. पत्र देणारी मुलगी नवीन होती, घाबरलेली होती. मी सही केली आणि तिला ‘थँक यू’ म्हणालो. बाहेर आल्यावर मला त्याचं हसू आलं. लाज वाटायला अजून वेळ होता.

आमचं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडील, म्हणजे आबा, तिथंच राहतात, भातशेती करतात. गावातून इंजिनियर झालेला मी पहिला, आणि आबांनी ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेली आहे. आम्ही भोरला राहतो. बायको इथल्याच एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. मुलगी तेव्हा अकरावीला होती.

पहिले सहा महिने मी रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचो. अर्ज पाठवायचो, जुन्या ओळखीच्या लोकांना फोन करायचो. सगळे म्हणायचे, तुझ्यासारख्याला काय कमी आहे, बघतो. पुढं ते फोन उचलेनासे झाले. मुलाखती झाल्या, नाही असं नाही. चाकणला दोन, रांजणगावला एक, बाकीच्या लॅपटॉपवरच. समोर दिसणारी मुलं माझ्या भाच्याच्या वयाची असायची. एकानं विचारलं, “सर, आमच्या टीममध्ये सगळे तिशीच्या आतले आहेत. तुम्हाला जड नाही ना जाणार?” मी “अजिबात नाही” म्हणालो आणि उगाच मोठ्यानं हसलो. शेजारच्या खोलीत मुलगी अभ्यास करत होती. तिनं ते हसणं ऐकलं असणार, कारण त्या दिवशी जेवताना ती माझ्याशी फार गोड वागली.

वर्ष उलटल्यावर मुलाखतीत नवा प्रश्न यायला लागला. मधल्या काळात काय केलंत? मी ‘कन्सल्टन्सी’ असं सांगायचो. कोणासाठी, म्हटलं की एकदोन लहान वर्कशॉपांची नावं जुळवून सांगायचो. हळूहळू मला ते इतकं सहज जमायला लागलं, की अर्ज पाठवणं मी कमी केलं तेसुद्धा घरात कळू दिलं नाही. बायको शाळेतून आली की विचारायची, “आज कुठं पाठवलात?” मी दोन कंपन्यांची नावं घ्यायचो. खरं तर सकाळपासून मी भाजी आणलेली असायची, कपडे धुतलेले असायचे आणि मग नुसताच पडून राहिलेला असायचो. कपडे मी आतल्या खोलीतल्या दोरीवर वाळत घालायचो. बाल्कनीत घातले तर समोरच्या इमारतीतल्या बायकांना अकरा वाजता घरातला पुरुष दिसला असता. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, घरून काम आहे. करोनानंतर ते सांगणं फार सोपं झालं होतं.

मुलगी पुण्याला इंजिनियरिंगला गेली, तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी थांबली. “बाबा, इथं काय लिहू?”

“नोकरी लिही.”

तिनं माझ्याकडे न बघता लिहिलं.

आबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला वाटलं, दुसरी मिळाली की सांगू. मग इतके दिवस गेले की सांगायचं म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं हेही सांगायचं. मी गावी फक्त रविवारी जायचो. आबा पायरीवर बसून विचारायचे, “काय म्हणतीय कंपनी?” मी म्हणायचो, “चाललंय.”

नोकरी जाऊन सव्वादोन वर्षं झाली असतील. श्रावण संपत आला होता. आबांचा फोन आला. गावाजवळच्या ज्या हायस्कुलात मी शिकलो, तिथं दहावीच्या मुलांचा कौतुकाचा कार्यक्रम होता आणि पुढं काय शिकावं यावर बोलायला मुख्याध्यापकांना कोणीतरी मोठा माणूस हवा होता.

“म्या सांगून टाकलं, माझा लेक यील म्हणून.”

“आबा, मला जमणार नाही. कामं आहेत.”

“शनवारी हाय. अर्ध्या दिसाची रजा टाक की. तुला काय कुनी न्हाई म्हणतंय? आरं, म्या शब्द दिलाय मानसांम्होरं.”

मी हो म्हणालो. बायको त्या संध्याकाळी म्हणाली, “अहो, जाऊ नका. तापाचं कारण सांगा.” ते शहाणपणाचं होतं. पण खरं सांगायचं तर मला आतून जायचंच होतं. शाल, नारळ, ‘साहेब’ अशी हाक. दोन वर्षांत मला कोणी खुर्ची दिली नव्हती.

शनिवारी मी मुलाखतीसाठी शिवलेला निळा शर्ट घातला आणि स्कूटरवरून नसरापूरमार्गे निघालो. मार्गासनीला मोठा रस्ता सोडला. भात पोटऱ्यात आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या होत्या. शाळेत मांडव नव्हता, पण पत्र्याच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव आणि त्याखाली ‘व्यवस्थापक’ असं लिहिलं होतं. पहिल्या रांगेत खुर्चीवर आबा बसले होते. पांढरी टोपी, नवी बंडी. माझं लग्न सोडलं तर मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी बोललो, आणि वाईट म्हणजे चांगलं बोललो. कारखान्यात काम कसं चालतं, एका केसाएवढी चूक कशी महागात पडते, गावाकडची मुलं कशी मागं नसतात. सगळं वर्तमानकाळात. आम्ही असं करतो, आमच्याकडे तसं असतं. बोलताना खोलीच्या मागच्या दारात एक माणूस जेवणाचं मोठं पातेलं उतरवताना दिसला, आणि माझं वाक्य तोंडातच अडकलं.

तो माणूस पालीचा. आमच्या कारखान्यात माझ्या हाताखाली सुपरवायझर होता, डिप्लोमा झालेला, बारा-तेरा वर्षं काम केलेला. कारखाना हलायच्या वर्षभर आधी माणसं कमी करायची म्हणून माझ्याकडे नावं मागितली होती. अकरा नावं द्यायची होती. त्या वर्षी त्याची बायको आजारी होती आणि त्याच्या रजा जास्त झाल्या होत्या. मी त्याचं नाव घातलं आणि पुढच्या रकान्यात ‘हजेरी अनियमित’ असं लिहिलं. तो माझ्या केबिनमध्ये आला तेव्हा मी वरच्या कोणीतरी ठरवल्यासारखं त्याच्याशी बोललो. “तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला काम मिळायला कितीसा वेळ लागणार?” असंही म्हणालो. नंतर कळलं की त्यानं घरी राजगडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी जेवणाची सोय सुरू केली. आज शाळेचं जेवणही त्याच्याकडूनच आलं होतं.

कारखाना बंद झाल्याचं त्याला माहीत असणारच. तिथून कमी केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी कसंबसं भाषण संपवलं. मुख्याध्यापक म्हणाले, पालकांच्या वतीनं कोणीतरी आभार माना, आणि नेमकं त्यालाच पुढं बोलावलं, कारण त्याचा मुलगा पहिला आला होता. तो हात पुसत पुढं आला. मी सतरंजीच्या कडेकडे बघत बसलो.

“साहेब आमच्याच कंपनीत व्हते,” तो म्हणाला. “म्या त्यांच्या हाताखाली काम केलंय. कामाला लई कडक मानूस. ते आले, आमच्या पोरांशी बोलले, त्याबद्दल आभार.”

टाळ्या पडल्या. तो ‘व्हते’ म्हणाला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. आबा मागं वळून लोकांकडे बघत होते.

इथवरचं सगळं मी कदाचित विसरू शकलो असतो. त्यानंतर जेवताना जे झालं ते विसरता येत नाही. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी आमच्याच गावातली एक बाई पदर सावरत माझ्याजवळ आली. नवरा नव्हता तिला. धाकटी मुलगी दहावीत होती, थोरलीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता.

“साहेब, माझ्या थोरलीसाठी तुमच्या कंपनीत काय व्हईल का? चांगल्या मार्कानं पास झालीय. हितनं जाऊन-यीऊन करता आलं तर बरं हुईल.”

आबा माझ्या शेजारी जेवत होते. त्यांचा घास हातातच थांबला. मी म्हणालो, “मार्कशीटच्या झेरॉक्स पाठवा. बघतो.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बाई तशाच उभ्या राहिल्या, आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि माझ्या तोंडून निघालं, “दिवाळीनंतर भरती आहे आमच्याकडे. तेव्हा करू.”

“करंल की,” आबा बाईंना म्हणाले. “त्येच्या हातात हाय.”

झेरॉक्स आल्या, फोनवर फोटोही आले. गुण खरंच चांगले होते. त्या मुलीनं स्वतः दोनदा फोन केला. “सर, काही कळलं का?” मी सांगितलं, “प्रोसेस चालू आहे.” हा शब्द मला कंपन्यांतल्या त्या मुलांनी शिकवला होता. तो ऐकल्यावर माणसाला पुढं काही विचारता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. बायकोला यातलं काही बोललो नाही.

दिवाळी झाली. आमची मुलगी सुट्टी संपवून पुण्याला गेली. एका मंगळवारी अकराच्या सुमारास दाराची बेल वाजली. मी मेथी निवडत बसलो होतो. मला वाटलं कुरिअर असेल. दारात तो पालीचा सुपरवायझर उभा होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागं जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावरच्या मेथीकडे पाहिलं. “यीऊ का आत?” म्हणाला.

मी त्याला खुर्ची दिली, पण तो खालीच बसला, मेथीच्या पलीकडे. मी पाणी आणलं. पाणी पिऊन त्यानं गडबड न करता एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडायला लागला. बराच वेळ आम्ही दोघं तेच करत होतो.

“साहेब, त्या खिचडीवाल्या बाईची पोरगी,” तो शेवटी म्हणाला. “तिला शिरवळच्या एका कंपनीतनं पत्र आलं व्हतं. ऱ्हायाची सोय व्हती. दसऱ्याच्या आधी हजर व्हायचं व्हतं. आय म्हनली, परक्या गावात कशाला ऱ्हायचं, साहेबांनी दिवाळीनंतर घेतो म्हनलंय. पोरगी गेली न्हाई.”

माझे हात थांबले.

“म्या काल त्या बाईला जेवनाच्या कामाला सांगायला गेलो, तवा कळलं. रोज यष्टीच्या थांब्यावर फोन हातात घिऊन बसतीय ती.” मग म्हणाला, “शाळंत म्या गप बसलो. तुमचे आबा म्होरं बसले व्हते. त्यांच्याकडं बघून बोलवंना. पन ह्या पोरीचं मातर न्हाई जमनार मला.”

मला वाटलं होतं तो ओरडेल, टोमणा मारेल. त्यानं तसं काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, “तुमचं नाव त्या यादीत मीच घातलं होतं.”

“ठाव हाय की. यादी टाईप करनारी पोरगी आमच्याच बसला व्हती.”

“तुमच्या बायकोचं दुखणं मला माहीत होतं.”

“व्हय. तुमीच रजेवर सह्या केल्या व्हत्या.” त्यानं मेथीची देठं गोळा करून एका बाजूला ठेवली. “साहेब, त्येला आता लई दिस झाले. तवा राग आला व्हता, लई आला व्हता. आता ऱ्हायलाय का न्हाई, म्या बघितलं न्हाई. त्यासाठी आलो न्हाई म्या. तुमी येताय का? गाडी आनलीय.”

मी शर्ट बदलला. कोणता घालावा हे मला कळेना, शेवटी घरातलाच धुतलेला घातला. त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आम्ही निघालो. हवेत गारवा होता, शेतांत कापण्या चालल्या होत्या. ज्याला मी कामावरून काढलं त्याच्या खांद्याला धरून मी खड्ड्यांतून तोल सांभाळत होतो. नसरापूरला ओळखीचं कोणी दिसेल म्हणून मी मान खाली घातली. त्या वेळीसुद्धा मला तेच सुचलं, याचंही आता वाईट वाटतं.

बाई घरी होत्या. आम्हाला बघून त्यांनी लगबगीनं चटई टाकली, चहा ठेवायला निघाल्या. त्यांना वाटलं भरतीचं सांगायला आलो. मुलगी आतून आली. बावीस-तेवीस वर्षांची, अंगानं बारीक, नजर सरळ. मी चहा नको म्हणालो आणि उभ्या उभ्याच सांगायला लागलो. कंपनी बंद झाली आहे. मला नोकरी नाही. दोन वर्षं होऊन गेली. भरती-बिरती काही नव्हतं.

बाईंना ते लगेच उमगलंच नाही. “म्हंजी पुढच्या म्हैन्यात का?” त्यांनी विचारलं.

मुलीला कळलं होतं. “मग सर, तुम्ही म्हणालात कशाला?”

“आबा शेजारी होते. मला लाज वाटली.”

ती वळली. आत गेली. मला वाटलं ती आता बाहेर येणार नाही. सुपरवायझर दाराच्या चौकटीला टेकून अंगणाकडे बघत होता. मग ती एक प्लॅस्टिकची फाईल घेऊन आली, त्यातून शिरवळच्या कंपनीचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“यांना तुम्ही फोन करता का? मी केला होता. मी का आले नाही ते मला नीट सांगताच आलं नाही. तुम्हाला त्यांच्या भाषेत बोलता येतं.”

घरात रेंज नव्हती. त्यांच्या वस्तीला रेंज फक्त एसटीच्या थांब्यापाशी यायची. आम्ही सगळे तिकडं गेलो. शेडमध्ये वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत चार-पाच माणसं बसली होती, त्यातले दोघं माझ्या ओळखीचे. “साहेब, आज हितं कसं?” एकानं विचारलं. मी हात हलवला आणि नंबर लावला.

पलीकडं एक तरुण मुलगा होता. मी पत्रावरचा नंबर सांगितला, मुलीचं नाव सांगितलं. त्यानं शोधलं आणि म्हणाला, कँडिडेट हजर झाली नाही, केस बंद केली आहे. मी म्हणालो, त्यात तिची चूक नाही. “मग कोणाची?” त्यानं साधंच विचारलं, काही मनात न ठेवता. “आपण कोण बोलताय?”

मी इंग्रजीत बोलू शकलो असतो. शेडमधल्या लोकांना कळलं नसतं. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांनाही कळलं नसतं. मी मराठीत बोललो. “मी तिच्या गावचा आहे. मी तिला खोटं सांगितलं, की माझ्या कंपनीत तिला घेतो. मला कंपनी नाही. दोन वर्षांहून जास्त दिवस मी घरी बसून आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून ती तुमच्याकडे आली नाही.”

शेडमधलं बोलणं बंद झालं. पलीकडच्या मुलानं पुन्हा काहीतरी तपासलं. मग म्हणाला, “सर, ती जागा भरली आहे. पण मी त्यांचं नाव पुढच्या बॅचच्या यादीत घालून ठेवतो. खात्री देत नाही.” मी त्याचे आभार मानले. फोन बंद केला. शेडमधले दोघं आता दुसरीकडे बघत होते.

मुलीनं पत्र परत फाईलमध्ये घातलं. “बरं,” एवढंच म्हणाली. बाईंनी पदरानं डोळे टिपले, पण त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आता आबांकडे जाणं भाग होतं, आणि एसटीच्या शेडमधून बातमी निघायच्या आत. सुपरवायझर म्हणाला, “म्या हितंच थांबतो.” मी एकटाच खळ्याकडे गेलो. आबा भात झोडत होते. सोबतीला भावकीतले एक चुलते होते, ते मला बघून पाणी प्यायला म्हणून बाजूला गेले.

“आज मंगळवारी?” आबांनी विचारलं. पेंढी हातातच होती.

मी सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, जास्त सांगायला तोंड नव्हतं. आबांनी पेंढी फळीवर आपटली. पुन्हा आपटली. दाणे खाली पडत होते. रिकामी पेंढी त्यांनी मागं टाकली आणि दुसरी उचलली.

“किती दिस झाले म्हनलास?”

“अडीच वर्षं होतील.”

“आन् दर ऐतवारी मला सांगत व्हतास, चाललंय म्हनून.”

बाहेर उडालेले दाणे मी हातानं आत सारले.

“नोकरी गेली त्येचं काय न्हाई रे,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “मानसाची जाती नोकरी. पन तू मला त्या खुर्चीत बसवलंस. आन् त्या बाईला म्या म्हनलो, त्येच्या हातात हाय. म्या म्हनलो. तू मला आदी सांगितलं असतंस तर म्या शाळंला न्हाई म्हनलं असतं. तेवढं तरी करायचं व्हतंस.”

“चुकलं आबा.”

मी एक पेंढी उचलली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “ऱ्हाऊ दे. दाणं सांडत्यात तुझ्यानं.” मी परत आलो. सुपरवायझरनं गाडी काढली. भोरपर्यंत सोडलं. चौपाटीच्या चौकात उतरताना मी त्याला चहाला थांबा म्हणालो, तर म्हणाला, “न्हाई, पावनं येनार हायेत गडावरनं,” आणि गेला. माझ्याबरोबर चहा घ्यायची त्याची इच्छा नव्हती, असं मला वाटलं. खरंखोटं त्यालाच ठाऊक.

त्या दिवशी बायको शाळेतून आल्यावर मी तिलाही सगळं सांगितलं, न पाठवलेल्या अर्जांसकट. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचंच. पण तुम्ही नावं इतकी खरी घ्यायचात.” आणि उठून भाजी फोडणीला टाकली. ती मेथीच होती.

आबा पुढचे दीड-दोन महिने माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. फोन चुलत्यांकडे द्यायचे. चुलते सांगायचे, आबा देवळापुढच्या कट्ट्यावर बसायला येत नाहीत हल्ली. हे ऐकलं की माझा दिवस जायचा नाही. मी रविवारी गेलो तर ते शेतावर निघून जायचे.

पुढच्या बॅचमध्ये त्या मुलीला शिरवळहून बोलावणं आलं. तिनं मला कळवलं नाही, सुपरवायझरनं कळवलं. ती आता तिथंच राहते आणि महिन्यातून एकदा घरी येते. मला तिचा एकदाच फोन आला, कुठल्याशा मापाच्या यंत्राबद्दल विचारायला. मी सांगितलं. तिनं ‘थँक यू सर’ म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी ताठ बसून जेवलो, हे कबूल करतो.

मी अर्ज पाठवतो अजून, आता खरेच पाठवतो, आणि मधल्या काळात काय केलंत या प्रश्नाला ‘काही नाही, घरी होतो’ असं सांगतो. त्यानं मुलाखत लवकर संपते. कामथडीजवळच्या एका लहान वर्कशॉपमध्ये आठवड्यातून तीन दिवस माल तपासायला जातो. मालक माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आहे. मला ‘काका’ म्हणतो. पहिल्या दिवशी गेटवर जुन्या कारखान्यातला एक ड्रायव्हर भेटला आणि त्यानं सवयीनं सलाम ठोकला. मी खिशातला रुमाल शोधत बसलो. नोकरी म्हणावं असं काम नाही ते, पण कपडे आता बाल्कनीत वाळत घालतो.

गेल्या वैशाखात आंबवड्याला भावकीतलं लग्न होतं. आबा आले होते. आमचं बोलणं तोवर जुजबी सुरू झालं होतं, जेवलास का, पाणी आहे का, इतपत. पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी आबांना विचारलं, “हा तुमचा थोरला न्हवं? कंपनीत मोठा साहेब हाय म्हनं?”

मी पानाकडे बघितलं. मठ्ठ्याची वाटी उगाच सरळ केली.

“कंपनी बंद पडली त्येची,” आबा म्हणाले. अगदी रोजच्या आवाजात, पाऊस पडला नाही म्हणावं तसं. “तीन दिस कुठं तरी जातो. बाकी घरीच असतो.”

“मग शेती बघतो का?”

“त्येला कुठली जमतीय शेती,” आबा म्हणाले आणि वाढप्याला हाक मारली, “ए, हिकडं बुंदी आन. ह्याला वाढ आदी.”

माझे कान तापले होते. वाढप्यानं बुंदी वाढली, जरा जास्तच वाढली. मी ती सगळी खाल्ली.